दादाची गोळी अजून चालू आहे

परवा काकांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, सगळ्यांच्या तब्येती विचारून झाल्या आणि मग आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलंच, "अगं, दादाची ती गोळी अजून चालूच आहे का?" म्हटलं हो काका, चालू आहे. मग दोन सेकंद कोणीच काही बोललं नाही. "म्हणजे अजून सुटलेलं नाही तर," असं म्हणाले आणि विषय बदलला. काका वाईट नाहीत, खरंच नाहीत, दादा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा दोन रात्री बाहेरच्या बाकड्यावर तेच झोपले होते. पण ती गोळी दादाच्या नशेच्या व्यसनावरच्या उपचाराची आहे, आणि काकांना जे उत्तर द्यायचं होतं ते फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितेय. दादाला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला लिही, फक्त नाव टाकू नकोस.

दादाची सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झाली. अपघात, कमरेचं ऑपरेशन, आणि मग दुखणं सहन होईना म्हणून दिलेल्या गोळ्या. त्या ओपिऑइड जातीच्या होत्या. म्हणजे अफूच्या कुटुंबातल्या, ज्या कुटुंबात मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल, फेंटानिल ही औषधं पण आहेत आणि हेरॉइन पण आहे. सुरुवातीला दिवसाला दोन गोळ्या पुरायच्या, मग चार, मग मोजणंच बंद झालं, कारण शरीराला सवय होत जाते आणि तेवढ्याच परिणामासाठी जास्त जास्त लागतं. चिठ्ठ्या मिळेनाशा झाल्यावर तो गर्दवर, म्हणजे हेरॉइनवर, गेला. आम्हाला कळलं तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं.

तोपर्यंत मला वाटायचं की माणूस मजा येते म्हणून घेतो. दादा म्हणतो मजा पहिल्या काही महिन्यांतच संपली होती, त्यानंतर तो फक्त टर्की लागू नये म्हणून घेत होता. टर्की म्हणजे विड्रॉवल. शेवटचा डोस होऊन आठ-दहा तास झाले की जांभया सुरू, नाक गळायला लागतं, अंगावर काटा येतो, पाय आतून ओढल्यासारखे होतात, जुलाब, उलट्या, झोप नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं इतकं वाढतं की माणूस भिंतीला लाथा मारतो. साधारण आठवड्याभरात ओसरतं. एरवी धडधाकट माणूस यातून सहसा मरत नाही, पण जुलाब-उलट्यांनी शरीर पार कोरडं पडलं आणि लक्ष द्यायला कोणी नसलं तर मरूही शकतो.

पहिल्या वेळी आम्ही जे केलं ते बहुतेक घरं करतात तेच. एका ठिकाणी बारा दिवस ठेवलं, तिथे टर्की काढली, शरीर "साफ" झालं, आणि तो घरी आला. चेहऱ्यावर तेज होतं. बाबांनी पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आई म्हणाली सुटलो एकदाचे. निघताना त्या लोकांनी आम्हाला सांगितलं की आता सगळं त्याच्या मनावर आहे, मन घट्ट ठेवलं की झालं. पुढचं औषध काही नाही, सूचना काही नाही, परत दाखवायला या असंही नाही.

एकोणिसाव्या दिवशी तो बाथरूममध्ये पडला. दार फोडलं तेव्हा ओठ निळे झाले होते आणि घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता, मला वाटलं झोपलाय, खरंच सांगते मला एक क्षण बरं वाटलं की श्वास चालू आहे, पण तो श्वास नव्हता, म्हणजे होता पण मिनिटाला तीन-चार. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी नाकात नॅलोक्सोन, म्हणजे या नशेचा असर उलटवणारं औषध, मारलं आणि दोन-तीन मिनिटांत तो धापा टाकत उठून बसला.

त्याने जास्त घेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. त्याने त्याचा जुना डोसच घेतला होता. पण महिनाभर काही न घेतल्याने शरीराची ती सवय, टॉलरन्स, उतरलेली होती, आणि जो डोस पूर्वी त्याला नुसता उभा राहू द्यायचा तोच आता श्वास थांबवायला पुरेसा होता. डिटॉक्स करून, जेलमधून किंवा हॉस्पिटलमधून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे हे या आजारातले सगळ्यात धोक्याचे असतात. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही तर त्या एकोणीस दिवसांत निवांत होतो. मला याचा अजून राग येतो.

दुसऱ्या वेळी हॉस्पिटलच्याच डॉक्टरांनी ओपीडीत पाठवलं. मी विचारलं की ॲडमिट नाही करायचं का? तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गरज नाही, तो घरीच राहील, जमेल तसं कामावर जाईल, आणि औषध घ्यायला इथे येईल. मला ते पटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या आजाराला ताप-खोकल्यासारखं ओपीडीत काय बघणार, असं वाटत होतं.

औषधाचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. आणि इथेच आईचा पहिला प्रश्न आला, जो नंतर पन्नास लोकांनी विचारला, की हे पण त्याच जातीचं ना? हो, त्याच जातीचं. लपवण्यात अर्थ नाही. मॅडमनी आईला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मेंदूत या औषधांसाठी ठरलेल्या जागा असतात, खुर्च्या समजा. हेरॉइन येऊन खुर्चीत बसतं, जोरात धुडगूस घालतं आणि काही तासांत उठून जातं, मग रिकामी खुर्ची ओरडायला लागते. ब्युप्रेनॉर्फिन त्याच खुर्चीत बसतं पण अर्धवटच काम करतं, आणि महत्त्वाचं म्हणजे घट्ट बसतं, दिवसभरापेक्षा जास्त वेळ उठत नाही. त्यामुळे टर्की लागत नाही, तलफ खाली येते, आणि वरून कोणी गर्द घेतलंच तरी त्याला बसायला जागा फारशी उरत नाही. शिवाय श्वासावर होणारा त्याचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही, डोस वाढवला तरी. म्हणून हेरॉइन किंवा मेथाडोनपेक्षा (हे याच आजारावरचं दुसरं औषध) ते सुरक्षित धरतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र ही सुरक्षितता राहत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

पण या घट्ट बसण्यातच एक अडचण आहे. अंगात हेरॉइन शिल्लक असताना ही गोळी घेतली तर ती हेरॉइनला खुर्चीतून ढकलून देते आणि स्वतः अर्धंच काम करते, म्हणजे माणसाला एका झटक्यात भयानक टर्की लागते. दादाने हॉस्पिटलमधून आल्यावर पण आठवडाभर घेतलं होतं (हो, मरणातून उठून आल्यावरही, याला आजार का म्हणतात ते मला तेव्हा कळलं), त्यामुळे पहिली गोळी घेण्याआधी त्याला टर्की सुरू होईपर्यंत थांबायचं होतं. गर्द, हेरॉइन असेल तर साधारण १२ ते २४ तास, मेथाडोनसारखं लांब टिकणारं असेल तर त्याहून बरंच जास्त.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. ओपीडीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला, जॅकेटमध्ये गुंडाळलेला, नाक गळतंय, पाय थांबत नाहीयेत. नर्स दर थोड्या वेळाने येऊन ११ गोष्टी तपासायची आणि मार्क लिहायची, जितके मार्क जास्त तितकी टर्की जास्त. नाडी, घाम, बाहुली, जांभया, अंगावरचा काटा, हातांचा थरथराट वगैरे. पहिल्यांदा ७ आले. मी म्हटलं द्या ना आता गोळी, बघवत नाही. ती म्हणाली ताई, आत्ता दिली तर याच्या दहापट बघावं लागेल. शेवटी १३ आले तेव्हा मॅडमनी ४ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवायला दिली. गिळायची नाही, गिळली तर फारशी लागू पडत नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. चव कडवट. दहा मिनिटं दादा डोळे मिटून बसला होता आणि मी त्याच्या पायाकडे बघत होते. अर्ध्या-पाऊण तासाने पाय थांबला. नाकही थांबलं. संध्याकाळपर्यंत अजून ४ दिली. घरी जाताना तो म्हणाला, "भूक लागलीय." एवढंच. मी गाडीत रडले.

पुढच्या काही दिवसांत डोस १६ पर्यंत नेला. आधी रोज जायचं, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, आता महिन्याने. लघवीची तपासणी असते, आणि ती पकडण्यासाठी असते असं दादाला आधी वाटायचं, पण तिचा उपयोग गोळी खरंच घेतोय ना आणि वर काही जातंय का हे कळून डोस ठरवायला जास्त होतो. कौन्सेलिंग पण आहे. त्याचा फायदा होतो. पण मॅडम स्पष्ट म्हणाल्या की कौन्सेलिंगला आला नाही म्हणून गोळी अडवून ठेवायची असं आम्ही करत नाही, जीव गोळीने वाचतोय. मला हे फार मोलाचं वाटलं.

त्या बाकड्यांवर मला वेगवेगळी माणसं भेटली. एकजण रोज सकाळी येऊन नर्ससमोर मेथाडोनचं सिरप पिऊन तिथूनच कामावर जायचे. त्यांना ब्युप्रेनॉर्फिन पुरलं नव्हतं. मेथाडोन खुर्चीत बसून पूर्ण काम करतं, त्यामुळे काहींना तेच लागू पडतं, पण त्याचा डोस सावकाश चढवावा लागतो आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. एक गरोदर बाई होत्या, आठवा महिना. त्यांना घरचे सारखे सांगत होते की बाळासाठी तरी बंद कर, आणि डॉक्टर सांगत होते की अजिबात बंद करू नका, अचानक थांबवणंच बाळाला घातक. बाळाला जन्मानंतर काही दिवस त्रास होऊ शकतो पण त्यावर उपचार असतात. त्या बाई घर आणि डॉक्टर यांच्या मधे किती एकट्या पडल्या होत्या ते त्यांच्या बसण्यावरून दिसायचं. आणि एका मुलाला नॅलट्रेक्सोन चालू केलं होतं. ते उलटं काम करतं, खुर्ची नुसती अडवून ठेवतं, सवय लावत नाही, पण सुरू करायच्या आधी आठ-दहा दिवस पूर्ण क्लीन राहावं लागतं आणि ते दादासारख्याला जमणं कठीण होतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल.

सातव्या महिन्यात दादा छान होता. काम सुरू झालं होतं, वजन वाढलं होतं, भाच्याला शाळेत सोडायला जायचा. आणि मी त्याला म्हटलं, "दादा, आता बास ना. किती दिवस गोळीवर राहणार? एका व्यसनातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखं झालं हे." मी प्रेमाने म्हटलं होतं. त्याने ऐकलं. मॅडमना न सांगता त्याने १६ वरून ८ केली, मग ४, तीन आठवड्यांत. झोप गेली, पाय परत ओढायला लागले, आणि एका रात्री त्याने घेतलं. सकाळी माझ्याकडे आला आणि दारातच सांगितलं. मला वाटलं सगळं संपलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. गोळी बंद केली नाही. परत १६ वर नेलं आणि म्हणाल्या, शुगर वाढली म्हणून कोणी इन्शुलिन काढून घेतं का? मग दादाला बाहेर बसायला सांगून मला विचारलं, "तुम्हाला ती गोळी का बंद व्हायला हवीय?" मी खूप विचार केला. लोक विचारतात, याच्याशिवाय माझ्याकडे काही कारण नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या दोन डॉक्टरांनी हेरॉइन घेणाऱ्यांना मेथाडोन देऊन पाहिलं, आणि जी माणसं दिवसभर फक्त पुढच्या डोसची वाट बघायची ती शिक्षण, काम यांबद्दल बोलायला लागली. म्हणजे ही कल्पना साठ वर्षं जुनी आहे! मग स्वीडनमधला एक अभ्यास वाचला, २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ४० माणसं, सगळी हेरॉइनवाली. सगळ्यांना कौन्सेलिंग सारखंच. २० जणांना वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन, दादाचाच डोस. बाकी २० जणांना सहा दिवसांत उतरवत बंद केलं आणि पुढे नुसती खोटी, औषध नसलेली गोळी. वर्षाअखेर पहिल्या गटातले १५ उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नाही. आणि त्या दुसऱ्या गटातले चारजण मेले होते. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. सहा दिवसांत उतरवून बंद, म्हणजे आम्ही पहिल्या वेळी दादाचं जे केलं होतं जवळपास तेच. फ्रान्समध्ये १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांना हे औषध लिहून द्यायची मोकळीक मिळाली आणि पुढच्या चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. एवढं सगळं असताना आपण घराघरांत अजून "मन घट्ट कर" वर अडलोय.

दादाला या गोळीची सवय आहे का? आहे. उद्या एकदम बंद केली तर टर्की लागेल का? लागेल, हळू येईल पण लागेल. तो फरक मला असा कळला की शरीराला एखाद्या औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. व्यसनात तो आईच्या कपाटातून पैसे काढायचा, खोटं बोलायचा, दोन-दोन दिवस फोन उचलायचा नाही, आणि हे सगळं वाईट होतंय हे कळत असून थांबू शकायचा नाही. आता तो सकाळी एक गोळी घेतो आणि कामाला जातो. त्याला नशा होत नाही, त्याचे डोळे जड नसतात. काकांनी त्याला दिवसभर बघितलं तरी ओळखता येणार नाही की त्याने काही घेतलंय.

त्रास नाहीत असं नाही. बद्धकोष्ठता आहे, घाम फार येतो, सुरुवातीला डोकं दुखायचं. दात खराब होऊ शकतात या गोळीने, म्हणून विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने करायचा. गोळ्या आम्ही कुलपात ठेवतो, कारण मोठ्या माणसाला चालणारी एक गोळी लहान मुलाचा श्वास थांबवू शकते, घरात भाचा आहे. आणि नॅलोक्सोनचा स्प्रे घरात दोन ठिकाणी आहे, आईला आणि बाबांना दोघांनाही मारता येतो. बाबा पहिल्यांदा म्हणाले हे घरात ठेवणं म्हणजे अपशकुन. मग एक दिवस स्वतःच माझ्याकडून परत शिकून घेतलं, एका नाकपुडीत, पूर्ण दाबायचं, ॲम्ब्युलन्सला फोन, कुशीवर वळवायचं, आणि जागा झाला तरी एकटं सोडायचं नाही कारण स्प्रेचा असर नशेच्या आधी उतरू शकतो.

दादा कधी ना कधी डोस कमी करेलही. मागच्या महिन्यात त्याने स्वतःच मॅडमना विचारलं, आणि त्यांनी १६ वरून १४ केलाय, पुढचं दोन-तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या, त्रास झाला तर परत वर. कदाचित १४ वरच पाच वर्षं राहील. मी विचारत नाही.

सकाळी आठला त्याची गोळीची वेळ असते. मी त्याच वेळी त्याला फोन करते, मुद्दाम. दहा मिनिटं त्याला बोलता येत नाही, त्यामुळे मीच बोलत असते, ऑफिसचं, आईच्या गुडघ्याचं, काल रात्री काय स्वप्न पडलं त्याचं, आणि तो तिकडून नुसतं "हं" करत असतो. आज मी काकांच्या फोनचं सांगितलं. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग "हं."